इथलं खास काय मिळतं?

डिसेंबरात भाचा बर्मिंगहॅमहून आला होता. नालासोपारा स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला उतरता उतरता त्याने विचारलं, "मामा, इथलं खास काय मिळतं?"

प्रश्न साधा होता, पण माझी पंचाईत झाली. समोर पाट्यांची रांग होती. वडापाव, चायनीज, पावभाजी, डोसा, बिर्याणी, मालवणी खानावळ. सगळं चांगलं, सगळं गरम. पण भाईंदरला किंवा डोंबिवलीला मिळालं नसतं असं त्यात एकही नव्हतं.

बरं, गाव काही काल-परवाचं नाही. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावं जोडून हे नाव झालं. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये या बंदराचा उल्लेख आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. मुंबईकडे पहिली लोकल विरारहून सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि ती आपल्या स्टेशनावरून गेली. एवढं जुनं गाव, आणि पाहुण्याला न्यावं असं गावच्या चवीचं एक हॉटेल स्टेशनापाशी नसावं?

त्या आठवड्यात आम्ही दोघं बरंच फिरलो, बरंच खाल्लं. त्यातून लक्षात आलं की हॉटेल नसण्याचं कारण समजलं, की चव कुठे शोधायची तेही समजतं.

घरी शिजतं ते बाजारात नसतं

खानावळ ही मुळात गावातल्या माणसाची गरजच नव्हती. जो आपल्या गावात राहतो, तो घरी जेवतो. खानावळ लागते घरापासून तुटलेल्याला. मुंबईचं गिरणगाव याचं ठळक उदाहरण. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि महिन्याचे पैसे भरून एखाद्या बाईकडे जेवत. या खानावळ चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे आज आपण कौतुकाने ज्याला 'घरगुती जेवण' म्हणतो, ते घर सुटलेल्यांसाठी शिजलेलं जेवण होतं.

सोपारा, गास, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी या पश्चिमेच्या गावांत अशी वेळ आली नाही. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी, सगळे आपापल्या वाडीत किंवा कोळीवाड्यात. मासळी दारात, भाजी परसात, तांदूळ शेतातला. विकत कोण खाणार, आणि विकणार तरी कुणाला?

यातून एक ढोबळ नियम हाती लागतो: जे घरी सहज शिजतं ते बाजारात सापडत नाही, आणि जे घरी करणं अवघड तेच दुकानात येतं. गावची चव हॉटेलात शोधायची असेल, तर गावकरी स्वतः बाहेरून काय विकत आणतात ते आधी बघावं.

या भागातले लोक जे आवर्जून बाहेरून आणतात, ते म्हणजे भुजिंग.

कोळशावरची कोंबडी, पोह्यांच्या संगतीत

भुजिंग आगाशीचं. विरार पश्चिमेहून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की आगाशी येतं. नालासोपाऱ्याहून निर्मळ, नंदाखालच्या बाजूनेही जाता येतं. कोंबडीचे बारीक तुकडे मसाला लावून कोळशाच्या धगीवर भाजतात. मग मोठ्या कढईत तेल, मसाला आणि बटाट्याबरोबर ते परततात आणि त्यात पोहे घालतात. कोंबडीचा रस आणि कोळशाचा धूर पोहे शोषून घेतात. खाताना आधी धुराचा वास येतो, मग तिखट, आणि पोहे मऊ पडूनही लगदा झालेले नसतात.

हा पदार्थ घरी का होत नाही, हे कृतीतच आहे. कोळशाची भट्टी, भाजायला लागणारा वेळ, आणि एका कोंबडीसाठी एवढा पसारा कोण मांडणार? म्हणून भुजिंग दुकानाचंच राहिलं. आगाशी भुजिंग सेंटर हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. त्याची कीर्ती ऐकून विरार, नालासोपारा, वसईत 'भुजिंग' लिहिलेल्या पाट्या वाढल्या. अस्सल कोणतं, हे ओळखायला एकच खूण पुरेशी आहे: कोळसा. गॅसवर परतलेल्या कोंबडीत पोहे घातले, तर ते चिकन-पोहे झाले.

एक घोटाळा मात्र टाळावा. 'भुजणं' नावाचा वेगळाच पदार्थ आहे. बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद आणि तेल माशाला हाताने चोळून मंद आचेवर शिजवतात, ते भुजणं. सीकेपी घरांत ते प्रसिद्ध आहे. त्याचा कोळशाशी आणि पोह्यांशी काही संबंध नाही.

भाच्याने पहिला घास घेतला आणि विचारलं, "यात बटाटा का?" उत्तरासाठी वसईच्या किल्ल्यापर्यंत जावं लागतं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती; चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती. बटाटा, मिरची, पपई, काजू ही अमेरिका खंडातली पिकं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही त्यांचेच. भुजिंगमधलं कोळसा-पोह्यांचं जोडपं इथलं, बटाटा आणि मिरची समुद्रापलीकडची.

दर्याचं वेळापत्रक

भुजिंगनंतर दुसरी पायरी मासळीची. इथे पाटीपेक्षा पंचांग उपयोगाचं.

१ जून ते ३१ जुलै हा पावसाळी मासेमारी बंदीचा काळ. यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. हा काळ माशांच्या प्रजननाचा, आणि दर्याही खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या लोटतात. तेव्हा जुलैच्या भर पावसात कुणी 'आजचं ताजं पापलेट' म्हणून ताट पुढे केलं, तर ते पापलेट बर्फातलं किंवा लांबून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

पण पावसाळ्यात इथलं काही मिळत नाही असं मुळीच नाही. तेव्हा सुक्याचा हंगाम असतो. अर्नाळ्याला आणि वसईच्या पाचूबंदरला उन्हाळ्यात गेलात तर किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीने लटकताना दिसतात, आणि वास अर्धा मैल आधीच लागतो. सुके बोंबील, जवळा, सोडे, मांदेली, हे सगळं पावसाळ्याच्या बेगमीला. भाकरी, जवळ्याची चटणी आणि बाहेर मुसळधार पाऊस: जून-जुलैची 'स्थानिक थाळी' ती हीच. खानावळीत जवळा आहे का विचारा. आहे म्हणाले, तर निश्चिंत बसा.

दुसरा भेद समुद्राचा आणि खाडीचा. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, मध्ये मिठागरं आणि चिखलाची पट्टी. पापलेट, सुरमई समुद्रातले. मुंबईपासून गोव्यापर्यंत सगळीकडे ताटात दिसणारे. सिल्व्हर पापलेटला तर २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून मान मिळाला. पण निवट्या, चिंबोऱ्या, कालवं ही खाडीची आणि खडकांची मिळकत. हे जिन्नस जागचे आहेत, कमी टिकतात, दूर जात नाहीत. ज्या खानावळीच्या फळ्यावर खडूने 'आज निवट्या' लिहिलेलं दिसेल, ती खानावळ खाडीच्या जवळची समजायला हरकत नाही.

लंडनची जुनी गोष्ट इथे आठवते. तिथल्या ईस्ट एंडमधल्या गरिबांचं खाणं म्हणजे ईल, थेम्सच्या चिखलात सापडणारा सापासारखा लांबट मासा. त्याची जेली आणि मॅश केलेला बटाटा विकणारी दुकानं गल्लोगल्ली होती. आता ती मोजकीच उरली आहेत, पण लंडनची चव दाखवायची म्हटलं, तर जाणकार तिकडे बोट दाखवतात. चिखलातला मासा, गरिबाचं ताट, आणि नंतर त्यालाच आलेला मान. निवट्यांचं तसं होईल का, ते खाडी किती शिल्लक राहते यावर आहे.

वाडीतलं स्वयंपाकघर

आता अवघड भाग. जे घरात शिजतं आणि बाजारात येत नाही, त्याचं काय करायचं?

वसईच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटतात. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ आणि गरम मसाल्याचे जिन्नस, मिळून वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र कुटायचा आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. गडद काचेतून ऊन आत जात नाही, म्हणून रंग आणि वास वर्षभर टिकतो. म्हणूनच याचं नाव 'बाटली मसाला'. प्रमाण घराघरात वेगळं.

त्याच स्वयंपाकघरात इंद्याल होतं. पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस गोव्यात विंदालू झालं आणि वसईत इंद्याल. हेच नाव इंग्लंडात गेलं आणि तिथल्या करी हाउसमध्ये तिखटपणाची परीक्षा होऊन बसलं. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडच्या पाठीराख्यांसाठी 'विंदालू' नावाचं गाणंच निघालं होतं. भाच्याला विंदालू ठाऊक होतं, पण त्याचा आंबटपणा ठाऊक नव्हता. "आमच्याकडे नुसतं जळतं," म्हणाला. इंद्यालचा जीव मिरचीत कमी आणि शिरक्यात जास्त आहे, हे त्याला वसईत कळलं.

नाताळच्या आसपास फुगे तळले जातात: मैद्याचं आंबवलेलं पीठ हाताने पिळून तेलात सोडायचं, आणि ते टम्म फुगतात. इंद्यालचा रस्सा टिपायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. एरवी घरात राहणारे हे फुगे आता ऑर्डर देऊन मिळतात. लग्नाला, नामकरणाला, नाताळला ते करून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत. तेव्हा इथे हॉटेल शोधू नये, ऑर्डर घेणारी बाई शोधावी.

हिवाळ्यात वाडवळ घरांत उकडहंडी लागते. कोनफळ, रताळी, बटाटा, वालपापडी, शेंगा मसाल्यात घोळून मडक्यात थराथराने भरायच्या आणि त्यांच्याच वाफेवर शिजू द्यायच्या. गुजरातचा उंधियो आणि रायगडची पोपटी हे तिचे शेजारपाजारचे भाऊबंद. पोपटी भांबुर्ड्याच्या पाल्यावर शेतात शिजते, उंधियो आता तेलात पोहतो, आणि उकडहंडी या दोघांच्या मध्ये घरगुती राहिली आहे.

आणि मग सुकेळी. वसईच्या वाड्यांत केळ्यांच्या अनेक जाती होत्या: राजेळी, मुठेळी, वेलची, तांबडी, भुरकेळी. त्यांतलं राजेळी लांब आणि घट्ट गराचं. पिकलेली राजेळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवतात, की ती सोनेरी, चिवट आणि मधासारखी गोड होतात. त्यात साखर नाही, रंग नाही. केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली ती जुडी या भागाची जुनी ओळख. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेत सुकेळी घेतल्याशिवाय माणसं परतत नाहीत. पण राजेळीच्या बागा घटल्या, मेहनत मात्र तेवढीच, त्यामुळे भाव चढा असतो. घासाघीस करण्याआधी वाळवणाऱ्याचे आठ दिवस आठवावेत.

पावसाळ्याच्या तोंडावर आलात, तर स्टेशनबाहेर जमिनीवर फडकं पसरून बसलेल्या आदिवासी बायकांकडे बघा. तुंगारेश्वरच्या डोंगरातून आणलेली शेवळं त्यांच्यापाशी असतात, पुढे टाकळा, मग कंटोळी. शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं विकायला असतात. ती न घालता शेवळं शिजवली तर घसा खवखवतो. ती बाई मागितल्याशिवायही काकडं पुढे करते. ही भाजी कुठल्याच हॉटेलात सहसा मिळत नाही. मिळते ती फक्त शिजवणाऱ्याच्या घरी.

पूर्वेचं काय?

इथवर सगळं पश्चिमेचं झालं. पण २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. त्यांतले बहुसंख्य बाहेरून आलेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो मिटलाच नाही. लालबाग-परळमधली कितीतरी कुटुंबं स्वस्त घरांच्या शोधात विरार-नालासोपाऱ्याकडे सरकली. त्यांच्याबरोबर मालवणी आणि रत्नागिरीचा मसाला आला. मग उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरात, दक्षिणेकडून माणसं आली. आज पूर्वेला आचोळे किंवा तुळींजच्या रस्त्यावर सकाळी लिट्टी-चोखा मिळतो, संध्याकाळी मालवणी वडे-सागुती.

हे 'स्थानिक' म्हणायचं का? इथे भाच्याचं गाव उपयोगी पडलं. बर्मिंगहॅमला जाऊन 'इथलं खास काय' विचारलं, तर उत्तर येतं: बाल्टी. पातळ पोलादी कढईत, मोठ्या आचेवर, तेलात झटपट परतलेला रस्सा, आणि त्याच कढईत टेबलावर. हा पदार्थ १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी-काश्मिरी लोकांनी घडवला. स्पार्कब्रूक, बालसॉल हीथ भागातल्या या हॉटेलांच्या पट्ट्याला 'बाल्टी ट्रँगल' म्हणतात. लाहोरला किंवा मीरपूरला जाऊन तसं ताट मागितलं, तर बहुधा मिळणार नाही. तो बर्मिंगहॅमचाच आहे. खुद्द फिश अँड चिप्सही असंच जुळलं: तळलेली मासळी ज्यू निर्वासितांबरोबर आली, चिप्स नंतर जोडल्या गेल्या. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तर चिकन टिक्का मसाल्यालाच ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं.

उलट पाटीवर विसंबू नये याचंही तेच उदाहरण. ब्रिटनमधली बरीचशी 'इंडियन रेस्टॉरंट' सिल्हेटच्या बांगलादेशी कुटुंबांनी चालवली. आपल्याकडच्या 'मालवणी' पाट्यांमागे कोण शिजवतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. ते कुणी का असेना. फक्त ज्याच्या घरी जे शिजतं, ते त्याच्याकडे मागावं.

म्हणून पूर्वेची चव मी आता परकी मानत नाही. ती अजून 'नालासोपाऱ्याची' झालेली नाही एवढंच. बाल्टीसारखं इथेच जुळलेलं एखादं ताट अजून निघायचं आहे.

कुठे, कधी, कुणाला विचारायचं

नव्या गावात, ते नालासोपारा असो की लीड्स, मी आता तीन गोष्टी करतो.

आधी बाजार, मग हॉटेल. सकाळी मासळी आणि भाजीत काय आलंय ते बघून ठेवायचं. दुपारी खानावळीत त्यांतलं काही दिसलं, तर तिथे बसायचं. बाजारात जे नव्हतं ते सगळं फळ्यावर असेल, तर पुढे जायचं.

मग जिल्ह्याच्या पिकांची उजळणी. पालघर जिल्ह्यात घोलवडचा चिकू, वाडा कोलम तांदूळ, बहाडोलीचं जांभूळ, तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ही मानांकनं पदार्थांची नसतात, पण जमीन काय देते ते सांगतात. भाकरी किंवा भात कुठल्या तांदळाचा, एवढं विचारलं तरी स्वयंपाक्याचा चेहरा बदलतो.

तिसरं म्हणजे प्रश्नच बदलायचा. 'खास काय' असं विचारलं की समोरचा पाहुण्यांसाठी ठेवलेलं काढतो. 'तुम्ही रविवारी काय आणता?' असं विचारा. रिक्षावाल्याला, बसच्या कंडक्टरला, केळीवालीला. आगाशीचा रस्ता आम्हाला असाच मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी भाचा माझ्याबरोबर मासळी बाजारात आला. पापलेटांच्या चकचकीत ढिगापुढे थांबला आणि म्हणाला, "मावशी, आज घरी न्यायला काय चांगलं?"

मावशीने पापलेटांवरून नजरसुद्धा फिरवली नाही. "पापलेट बर्फातला हाय. बोंबील ने, सकालीच आयलेत."

बोंबील आणले. मामीने त्यांतलं पाणी दाबून काढलं, मीठ-हळद-मसाला लावला, तांदळाच्या पिठात घोळवले आणि तव्यावर सोडले. तिसरा बोंबील संपवताना त्याने विचारलं, "मामी, हे असे कुठल्या हॉटेलात मिळतील?"

"हॉटेलात कशाला?" मामी म्हणाली. "तुझं विमान रात्रीचं आहे ना? सकाळी मामाला परत पाठवते बाजारात."

सकाळी मी पुन्हा गेलो. मावशीने मला ओळखलं, आणि न विचारता बोंबीलच मोजायला घेतले.